बोटीवर सोय काय?

मी संशोधन सफरीला जाणार हे कळल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला, "बोटीवर सोय काय गो?"

सोय म्हणजे झोपायचं कुठे, आंघोळ कुठे, संडास कुठे. आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे समुद्राचं भय कुणाला नाही. पण आजीची बोट म्हणजे मुंबईची. होडीतून बोटीपर्यंत जायचं, डेकवर वळकटी पसरायची आणि बोट लागली की लिंबू हुंगत रात्र काढायची. महिनाभर बोटीवर राहून पाण्याचे नमुने गोळा करायचे, हे तिच्या डोक्यात बसेना.

तिला हसण्याची माझी मात्र हिंमत नव्हती. आदल्या वर्षी एका सफरीच्या यादीतून माझं नाव याच प्रश्नावर गळलं होतं. केबिन दोन बर्थची, मुलगी मी एकटी. दुसरा बर्थ रिकामा गेला असता. "सोय नाही," एवढंच सांगण्यात आलं.

बोटीवर बर्थ मोजूनच असतात. एक माणूस वाढला की अन्न, पाणी आणि जीवरक्षक होडीतली जागा, सगळंच वाढतं. म्हणून समुद्रावर विज्ञान कोण करणार, हे पुष्कळदा बर्थच्या यादीवर ठरत आलंय. १८८१मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली 'इन्व्हेस्टिगेटर' किनाऱ्यांचे नकाशे करायची. तिच्यावर निसर्गशास्त्रज्ञ असे, पण तोच बोटीचा डॉक्टरही. आल्फ्रेड अॅल्कॉक १८८८ ते १८९२ या काळात या पदावर होते. खलाशांना औषध द्यायचं आणि खोल समुद्रातून जाळ्यात आलेले मासे, खेकडे तपासायचे, ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे.

बायकांच्या बाबतीत तर 'सोय नाही' हे कायमचं उत्तर होतं. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेत मेरी सिअर्स प्लवकांच्या नामांकित अभ्यासक होत्या, पण संस्थेच्या बोटींवर त्यांना प्रवेश नव्हता. १९५६मध्ये तिथलीच रॉबर्टा आयकी ही विद्यार्थिनी 'कॅरिन' या बोटीत लपून समुद्रावर गेली. ती सापडली आणि तिची शिष्यवृत्ती गेली.

आपल्याकडे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. दहा वर्षांनी तिला 'गवेषणी' ही बोट मिळाली. मुळात ती गाळ वाहून नेणारी बार्ज व्हायची होती, तिची संशोधन नौका केली. याच संस्थेत अदिती पंत काम करत होत्या. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुण्याची. अॅलिस्टर हार्डी यांचं 'द ओपन सी' हे पुस्तक हाती पडलं आणि त्या समुद्राकडे वळल्या. हवाई आणि लंडनमध्ये शिकून परतल्यावर त्यांनी वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंतच्या किनाऱ्यावर काम केलं. आमची रत्नागिरी त्याच वाटेवरची.

डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघालेल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेत २१ जण होते, सगळे पुरुष. दुसऱ्या मोहिमेतही बाई नव्हती. १९८३च्या डिसेंबरात 'फिनपोलारिस' बोट तिसरी मोहीम घेऊन निघाली, तेव्हा तिच्यावर अदिती पंत होत्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. एक नाही, दोघी. ते वाचताना मला माझा रिकामा बर्थ आठवला.

त्याच वर्षी जर्मनीत बांधलेली 'सागर कन्या' भारताला मिळाली. शंभर मीटर लांब, ३२ शास्त्रज्ञांची राहायची व्यवस्था. नावातच कन्या.

मला पुढच्या वर्षी बर्थ मिळाला, कारण यादीत आणखी एक मुलगी होती. तिची पाळी आणि माझी पाळी वेगळी. चार तास काम, आठ तास सुट्टी. पण नमुन्यांची जागा रात्री दोनला आली, तर रात्री दोनलाच उठायचं. बाटल्यांची चौकट तारेवरून खोल सोडून वर घ्यायला दोन-तीन तास सहज जातात. एकीने दिवा लावला तरी दुसरीला झोपता यावं, म्हणून बर्थला पडदा. लाटांत खाली पडू नये, म्हणून कडेला फळी. ताटं घसरू नयेत, म्हणून टेबलावर ओलं फडकं. जेवणाची वेळ चुकली तर स्वयंपाकी ताट झाकून ठेवी. पहिले तीन दिवस ते तसंच परत गेलं. मलाही बोट लागली होती.

परवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून एका मुलीचा फोन आला. तिची पहिलीच सफर. आधी उपकरणांबद्दल विचारलं, मग जरा थांबून आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, तिथे सोय कशी असते?"

मी तिला फळी, पडदा, संडास, पाळीच्या दिवसांत जवळ काय काय ठेवायचं, सगळं नीट सांगितलं. शेवटी विचारलं, "यादीत आणखी मुली किती आहेत?"

"मी एकटीच," ती म्हणाली, "पण या वेळी केबिन दिलीय."