चोरांसाठी शिंपडलेला मोरचूद

आमच्या निफाडच्या मळ्यात बोर्डो करायचा म्हणजे वडिलांना आधी विळा लागे. मोरचूद एका पिंपात भिजवलेला, चुना दुसऱ्यात, आणि दोन्ही सावकाश तिसऱ्यात ओतून झाले की ते विळ्याचे पाते त्या निळ्या पाण्यात बुडवत. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. 'बोर्डो' हे एखाद्या कंपनीचे नाव असावे, असे मला पंचविशीपर्यंत वाटत होते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वनस्पतिशास्त्र जे काही आले ते या एका शब्दाच्या मागे लागून.

बोर्डो म्हणजे फ्रान्समधले बोर्दो. तिथल्या विद्यापीठात पिएर मिलार्दे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा किडीने द्राक्षवेलींची मुळे पोखरून फ्रान्सचे मळे बसवले होते. त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींवर कलमे बांधणे हा उपाय, आणि मिलार्दे त्याच कामात गुंतलेले. बहुधा या आयात वेलींबरोबरच केवडा, म्हणजे आपले बागायतदार ज्याला नुसते 'डाऊनी' म्हणतात तो रोग, युरोपात उतरला. फ्रान्समध्ये त्याची पहिली नोंद १८७८ची. (आजचे शास्त्रज्ञ केवड्याच्या जिवाला खरी बुरशी मानत नाहीत, पण औषधाच्या दुकानात तो अजून बुरशीच आहे.)

ऑक्टोबर १८८२मध्ये मिलार्दे मेदोक भागातल्या सें-ज्युलियें गावच्या मळ्यांतून जात होते. केवड्याने पाने गळून वेली उघड्या पडलेल्या; रस्त्याकडेच्या ओळींवर मात्र पाने टिकून होती, आणि ती निळसर डागांनी भरलेली. चौकशी केली तेव्हा कळले ते असे : येणारेजाणारे घड तोडतात, म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडायची तिथली रीतच होती. निळी पाने पाहून विषाची शंका येते, आणि कोणी हात लावत नाही.

गोष्ट इथेच थांबवून 'योगायोगाने लागलेला शोध' म्हणून सांगितली जाते. मला हे कधी पटले नाही. त्या रस्त्याने रोज कितीतरी माणसे जात असतील. निळी पाने त्यांनाही दिसली असतील. शिवाय तांब्याचा माग जुना होता. १८०७ साली बेनेदिक्त प्रेव्हो यांनी गव्हावरच्या काणीचे बीजाणू तांब्याचा अंश असलेल्या पाण्यात रुजत नाहीत, हे दाखवले होते. पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही. मिलार्देंनाही आपल्या विहिरीच्या पाण्यात केवड्याचे बीजाणू रुजेनात. त्या पाण्यात जुन्या पंपाचे तांबे उतरत होते. (यावरून कोणी तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याचे गोडवे गाऊ नयेत, विषय द्राक्षांचा आहे.)

पुढचे काम एकट्या प्राध्यापकाचे नव्हते. जॉन्स्टन यांच्या मळ्यांचे कारभारी अर्नेस्ट दाविद यांनी प्रयोग शेतावर चालवले, आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक उलिस गायों यांनी द्राक्षरसात आणि वाइनमध्ये तांबे किती उरते ते तपासले. १८८५मध्ये कृती छापून आली : १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना, दोन्ही एकत्र करून लहान झाडूने पानांवर शिंपडायचे. आपण आज एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटरमागे एकच किलो मोरचूद घेतो. तरी मातीत तांबे साठतेच, ते कुजून जात नाही. युरोपीय संघाने आता सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे, अशी मर्यादा घातली आहे.

मिलार्देंच्या त्या लेखांचे १९३३ सालचे इंग्रजी भाषांतर मी शब्दकोश उघडा ठेवून वाचले. त्यातली एक गोष्ट वाचून पुस्तक मिटून ठेवावे लागले. हे औषध रोग बरा करत नाही. पानावरच्या थेंबात बीजाणू पडतो, त्या थेंबात विरघळलेले तांबे त्याला रुजू देत नाही, एवढेच. एकदा तो पानाच्या आत शिरला की बाहेरचे तांबे त्याचे काही करू शकत नाही.

माझ्या लहानपणी एका दिवाळीत, ऑक्टोबर छाटणीनंतर, चार दिवस पाऊस लागून राहिला होता. वडील पाऊस उघडायची वाट पाहत बसले. उघडीप झाली तेव्हा पानांवर तेलकट डाग आणि मागे पांढरी लव आलेली. मग त्यांनी बोर्डो मारला, दोनदा मारला. पोंगे आणि घड गेले ते गेलेच. पुढच्या वर्षी बाग काढून टाकली. चुन्याचे माप आपलेच चुकले असणार, असे ते पुढे कायम म्हणत. मला मात्र त्या दिवसाचा विळा आठवतो. पाते स्वच्छ होते.

गेल्या वर्षी मी त्यांना हे सारे समजावून सांगितले. वय नव्वदीकडे झुकलेले, ऐकू कमी येते. दोनदा सांगावे लागले. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "म्हणजे माप बरोबर होतं?"

"हो दादा, बरोबर होतं. पावसाच्या आधी मारायला हवा होता."

"आणि हे त्यांना कधीपासून माहीत होतं म्हणालास?"

मी साल सांगितले.