भरण वेल्डिंग (हौशी)

झिजलेल्या धातूच्या भागावर वितळलेल्या धातूचे थर चढवून मूळ माप परत मिळवण्याची पद्धत. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजे व बाष्पित्रे दुरुस्त करण्यासाठी लेपित सळई घडवली. आज घराघरांतल्या छोट्या यंत्रांत तीच तऱ्हा वापरात आहे. नांगराचा फाळ, बिजागरीची खीळ, ट्रॅक्टरच्या पिनेची बसण्याची जागा असे भाग हौशी माणूस सहज भरू शकतो.

आधी धातू ओळखावा लागतो, आणि बहुतेक कामे इथेच फसतात. मऊ पोलादावर ६०१३ जातीचा रॉड नीट बसतो. जास्त कार्बनचा भाग आधी तापवून घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर कोरड्या राखेत सावकाश निवू द्यावा लागतो. पाणी ओतून निववला तर वेल्डशेजारचा भाग ठिसूळ होऊन तडकतो. बीड त्याहून नाजूक: त्याला निकेलचा रॉड लागतो, आणि एका वेळी इंचभरच टाका घालावा.

गंज, ग्रीस व रंग ग्राइंडरने काढून उघड्या धातूवरच टाके घालावेत. प्रत्येक थरावरचा स्लॅग (रॉडच्या लेपाची घट्ट झालेली मळी) हातोडीने झाडून टाकावा, नाहीतर तो आत अडकून पोकळी राहते. गोल शाफ्ट एका बाजूने भरत नेला तर वाकतो, म्हणून टाके समोरासमोर घालतात. मापापेक्षा थोडे जास्त भरून लेथवर किंवा कानसीने उतरवतात. फाळासारख्या मातीत घासणाऱ्या भागाला वरून हार्डफेसिंगचा कठीण थर देतात.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचे जस्त जळून निघणारा धूर तापाचे कारण ठरतो. स्टिअरिंग, ब्रेक व दाबाखालील टाक्या हौशी हातांनी भरूच नयेत.