शेगावचा घोडा, बर्लिनचा घोडा

ज्यांच्या घरी 'गजानन विजय'चं पारायण होतं त्यांना नवव्या अध्यायातला घोडा आठवत असेलच. कीर्तनकार गोविंदबुवा टाकळीकरांचा. भारी द्वाड! लाथा झाडायचा, चावायचा, म्हणून लोखंडी साखळ्यांनी बांधून ठेवायचे. एका रात्री महाराज त्याच्या चार पायांत जाऊन झोपले आणि घोडा शांत उभा राहिला. दासगणूंनी ही पोथी १९३९ साली शेगावातच रचली. आमच्याकडे ही गोष्ट चमत्कार म्हणूनच सांगतात. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या घोड्याला नेमकं काय कळलं असेल?

जनावराला कळतं का, हा वाद फार जुना आहे. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये लिहिलं की जनावरांना बुद्धी नाही, ती घड्याळासारखी चालतात. १७३९ मध्ये ह्यूम म्हणाला, तीही आपल्यासारखीच अनुभवावरून शिकतात. आणि आपले शंकराचार्य? ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीलाच ते म्हणतात, काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर पळतं, हिरवा चारा घेऊन आलेला दिसला की जवळ येतं, माणसाचंही तसंच. गंमत म्हणजे आचार्यांना जनावराला वर चढवायचं नव्हतं. आपला रोजचा व्यवहारसुद्धा अविद्येतच चालतो, एवढंच दाखवायचं होतं!

आता दुसरा घोडा. महाराज शेगावात हयात असतानाच, १९०४ मध्ये, बर्लिनचा हान्स गाजत होता. गणित घातलं की खूर आपटून उत्तर द्यायचा. समिती बसली, लबाडी सापडली नाही. मग १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की समोरच्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं पाहून तो थांबायचा.

लोक म्हणाले, हात्तिच्या, म्हणजे अक्कल नव्हतीच! मला उलट वाटतं. गणित येत नव्हतं, पण माणूस वाचता येत होता. टाकळीकरांच्या घोड्याजवळ येणारा जो तो लाथेच्या धाकाने अंग चोरून येत असणार. न घाबरता जवळ येऊन झोपणारा माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. यात श्रद्धेला धक्का लागतो असं मला वाटत नाही.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाने मळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ज्याला काही कळत नाही त्याला कोणी आवतण देईल का? आणि कळतं म्हणावं, तर परवापासून पुन्हा त्याच खांद्यावर जू आणि हातात तुतारी कशी, याचं उत्तर द्यावं लागतं. देकार्तचं मत सोयीचं वाटतं ते इथेच. यंत्राला तुतारी टोचली तरी मनाला काही लागत नाही.

असो. तुमच्या घरच्या गाईगुरांचे अनुभव असतील तर जरूर कळवा.