दोन चाफे
कब्रस्तानात, दर्ग्यात दिसणारा पांढरा चाफा मूळचा अमेरिकेतला. सोनचाफा मात्र इथला, मॅग्नोलियाच्या कुळातला. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सुगंधी फुलांमध्ये चंपा नोंदवला आहे. १७०३ मध्ये शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पिएर मॅन्योलच्या सन्मानार्थ मॅग्नोलिया हे नाव दिले. पांढऱ्या चाफ्याला खुद्द प्लुमिएचे नाव मिळाले, प्लुमेरिया.

मी दोन्ही लावले आहेत. पांढऱ्याची फांदी चीक सुकवून खोचली की रुजते. सोनचाफ्याचे बी ताजेच पेरावे लागते, मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही, आणि फुलांसाठी कित्येक वर्षे थांबायचे.

'इथला कोण, बाहेरचा कोण' असा हिशेब आज माणसांचा मांडला जातो. चाफ्याचा कुणी मांडत नाही. तो देवालाही वाहतात, मजारीवरही.