सेंतेक्झुपेरी यांचे विमान
फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सेंतेक्झुपेरी यांचे दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रात बुडालेले टेहळणी विमान. लॉकहीड एफ-५बी हे पी-३८ या लढाऊ विमानाचेच रूप. मात्र नाकात तोफांऐवजी कॅमेरे. ३१ जुलै १९४४ रोजी सकाळी कॉर्सिकातील बोर्गो तळावरून सेंतेक्झुपेरी एकटेच निघाले, ते परतलेच नाहीत. वय ४४, अशा विमानाच्या वैमानिकासाठी तसे उतारवयच. १९९८ मध्ये मार्सेजवळ रिऊ बेटानजीक एका कोळ्याच्या जाळ्यात चांदीची मनगटसाखळी आली. तिच्यावर त्यांचे व पत्नी कॉन्सुएलो यांचे नाव कोरलेले होते, तरी काहींना ती बनावट वाटली. २००३ मध्ये त्याच भागात समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांतील एका तुकड्यावर २७३४ हा क्रमांक सापडला आणि विमानाची ओळख पटली. ते पाडले गेले की बिघडले, हे मात्र त्या तुकड्यांवरून ठरत नाही.