अडीच फुटांचे माप

एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले. विदर्भातल्या खाणींचा कोळसा तिथे रेल्वेने येतो. खाणीजवळ भरलेली वाघीण भुसावळकडून नाशिकरोडपर्यंत येते, केंद्राच्या सायडिंगवर वळते आणि तिथेच रिकामी होते. वाटेत कोळशाला कुणाचा हात लागत नाही. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. पण एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागतो की नाही, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात भारत सरकार, रेल्वे कंपन्या आणि लष्कर वर्षानुवर्षे भांडत होते. नाशिकच्या परिसरात छावणी कुठे पडली आणि छोटे रूळ कुठे पडले, याचा उलगडाही त्या भांडणाशिवाय होत नाही.

ब्रिटिश लष्कर आणि अरुंद रूळ यांचे नाते तसे जुने. लंडनजवळच्या वूलिचच्या शस्त्रागारात दीड फुटी रुळांचे, म्हणजे दोन रुळांमध्ये दीड फूट अंतर असलेले, जाळे होते. केंट परगण्यात चॅटेन्डनच्या दारूगोळा कोठारांपासून मेडवे नदीकाठच्या अपनॉरच्या धक्क्यापर्यंत अडीच फुटी गाडी धावत असे, आणि ती १९६१ पर्यंत टिकली. म्हणून नाशिक जिल्ह्यात असे काही शोधू पाहणारा आधी देवळालीच्या लष्करी छावणीकडे वळणार, हे साहजिक आहे. इगतपुरीपासून पुढचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा (जीआयपी) मार्ग १८६१ मध्ये खुला झाला. थळ घाट तेव्हा अजून पोखरला जात होता आणि तिथून गाडी जायला १८६५ साल उजाडले. म्हणजे घाटाखालच्या मुंबईशी रुळांनी जोडले जाण्याआधी नाशिककरांच्या दारात आगगाडी उभी होती. देवळालीची छावणी त्याच सुमाराची. मुंबईच्या बंदरात उतरलेले गोरे शिपाई इथे आणून ठेवायचे, त्यांच्या त्यांच्या पलटणींकडे रवाना करायचे, आणि मुदत संपलेल्यांना परतीचे जहाज मिळेपर्यंत इथेच थांबवायचे, असे तिचे काम होते. इतकी माणसे सतत येत-जात असलेल्या या लष्करी ठाण्याला स्वतःची छोटी रेल्वे मात्र नव्हती. या परिसरात छोटे रूळ पडले ते नाशिक शहरात, आणि त्यावरून फिरले ते गावकरी आणि यात्रेकरू.

यातून कुणी म्हणेल की महाराष्ट्रातल्या छोट्या रेल्वेचा लष्कराशी संबंधच नव्हता. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. लष्कराने इथे छोटे रूळ टाकले नाहीत, पण त्या रुळांचे माप आपल्या गरजेसाठी उचलले. आणि स्वतःची ठाणी मोठ्या रुळांलगत ठेवण्यामागेही लष्कराचा हिशेब एकच होता: माल मध्येच हलवावा लागू नये.

रेल्वेचा लष्करी उपयोग गव्हर्नर-जनरल डलहौसीने १८५३ च्या आपल्या टिपणात ठासून मांडला होता, आणि साऱ्या देशात रुळांचे माप एकच असावे हा त्याचाच आग्रह. त्यातून साडेपाच फुटी ब्रॉडगेज आले. पुढे खर्च परवडेना म्हणून १८७० मध्ये व्हाइसरॉय मेयोच्या काळात मीटरगेज आले. सिंधू खोऱ्यातला सरहद्दीकडे जाणारा मार्गही त्याच मापाने बांधायला घेतला गेला. त्यावर लष्करी अधिकाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की काम चालू असतानाच निर्णय फिरवून तो ब्रॉडगेज करावा लागला. कारण उघड आहे. रुळांचे माप जिथे बदलते तिथे तोफा, घोडे, तंबू, दाणागोटा सगळे उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. हमाल हवेत, जागा हवी आणि मुख्य म्हणजे वेळ हवा, आणि युद्धाच्या तोंडावर तोच नसतो. दारूगोळ्याच्या बाबतीत तर प्रत्येक चढ-उतार म्हणजे नवा धोका. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर माल उतरवणे चालू असताना आग लागली. त्याच जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. शेकडो माणसे मेली आणि गोदीभोवतालचा भाग उद्ध्वस्त झाला. तो अपघात मापबदलामुळे झाला नव्हता, हे खरे. पण स्फोटके हाताळण्याची वेळ जितकी कमी तितके बरे, ही गोष्ट याहून कठोरपणे कुणी शिकवली नसती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. मुंबईच्या बाजूने येणारा मार्ग पुण्याला पोहोचला १८५८ मध्ये. आधी मोठे रूळ आणि मग त्यालगत कारखाना, हा क्रम योगायोगाचा नाही.

मग वूलिच आणि अपनॉरचे काय? तिथे अरुंद रूळ होतेच की! आक्षेप रास्त आहे, पण त्यात दोन निरनिराळी कामे एकत्र केली जातात. कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचणे हे एक काम आणि फाटकाच्या आत एका इमारतीतून दुसरीत जाणे हे दुसरे. स्फोटकांच्या कारखान्यात इमारती मुद्दाम लांब लांब बांधतात, मध्ये मातीचे बांध घालतात, म्हणजे एक उडाली तरी शेजारची वाचावी. त्यांच्यामध्ये माल थोडा थोडा आणि जपून न्यायचा असतो. वॉल्थम ॲबीच्या बारूद कारखान्यात कितीतरी ठिकाणी छोट्या गाड्या माणसेच ढकलत. तिथे अरुंद रूळ हे कारखान्याचेच एक अवजार होते. अपनॉरची गाडीही कोठार आणि जहाज यांच्यामधला दुवा होती. त्या धक्क्यावर माल एरवीही उतरवावाच लागणार होता, त्यामुळे रूळ अरुंद असल्याने एकही हाताळणी वाढत नव्हती. देवळालीत प्रश्न फाटकापर्यंत पोहोचण्याचा होता, आणि तो मोठ्या रुळांनी सोडवला होता.

आता नाशिकची ट्राम. मुख्य मार्ग शहरापासून काही मैलांवरून गेल्यामुळे गाव आणि स्टेशन यांच्यामध्ये अंतर पडले. ते भरून काढायला १८८९ च्या सुमारास अडीच फुटी ट्राम सुरू झाली. आधी ती घोडे ओढत. मेन रोड ते नाशिकरोड, म्हणजे आठ-दहा किलोमीटर. तिचा सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा गृहस्थ १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला आणि मुख्य मार्गापासून आडबाजूच्या बाजारपेठांपर्यंत स्वस्त फाटे टाकण्याच्या कल्पनेने झपाटला. कंपनी त्याला त्या कामासाठी मोकळे करेना, तेव्हा त्याने नोकरी सोडली. पुढे १८९७ मध्ये त्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. तिचेही माप अडीच फूट. गाडीचे ओझे सगळ्या आसांवर सारखे वाटायचे आणि एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची मुख्य युक्ती. त्यामुळे हलक्या रुळांवरून दमदार इंजिने आणि मोठ्या वाघिणी नेता येऊ लागल्या. बार्शीच्या कापसासाठी निघालेली ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली, १९२७ मध्ये मिरजेला. वारकऱ्यांची ती गाडी झाली. (कॅलथ्रॉपचा लष्कराशी खरा सामना झाला तो वेगळ्याच बाबतीत. उतारवयात त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री बनवली, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ती द्यायला वरिष्ठ काही केल्या राजी होईनात.)

अडीच फूट हे माप कॅलथ्रॉपने शोधले असे मात्र नाही. बडोदे संस्थानात डभोईची बैलांनी ओढायची रेल्वे १८६२ चीच, आणि तिचे माप हेच होते. त्याने दाखवले ते एवढेच की या मापावर खेळण्यातल्या गाडीपलीकडचे काम होऊ शकते. लष्कराला नेमकी तीच गोष्ट हवी होती. कालका–शिमला मार्ग आधी दोन फुटी व्हायचा होता. १९०१ मध्ये लष्कराच्या मागणीवरून तो अडीच फुटी करण्यात आला आणि १९०३ मध्ये खुला झाला. त्याच वर्षांत वायव्य सरहद्दीवर नौशेरा–दर्गाई आणि कोहाट–थळ हे अडीच फुटी मार्ग झाले, आणि तिथे तर लष्कराखेरीज दुसरे मोठे गिऱ्हाईक नव्हते. शिमल्याच्या डोंगरात अर्धा फूट जास्त म्हणजे प्रत्येक वळणावर, प्रत्येक बोगद्यात जास्त खर्च. निव्वळ काटकसरच करायची असती तर दोन फूट पुरेसे होते. दार्जिलिंगला १८८१ पासून पुरत होते. म्हणून ‘माप स्वस्ताईसाठी निवडले, लष्कराचा उगीच बाऊ करू नये’ हा आक्षेप बार्शीपुरता पटतो, शिमल्याला लागू पडत नाही. लष्कराला हवी होती ती अदलाबदल. एका फाट्यावरचे इंजिन, डबे, रूळ उचलून गरज पडेल तिथे टाकता यावेत. पहिल्या महायुद्धात भारतातून रेल्वेचे सामान मेसोपोटेमियाला गेलेच. कूतच्या आघाडीमागे शेख सादहून सिन्नपर्यंत १९१६ मध्ये टाकलेली युद्धरेल्वे अडीच फुटीच होती.

विदर्भातल्या फाट्यांकडे या नजरेने पाहायला हवे. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी, लोकांनी शकुंतला म्हणून ओळखलेली गाडी, १९१७ चा पुलगाव–आर्वी फाटा, गोंदियाहून सातपुड्यात शिरणारी बंगाल-नागपूर रेल्वेची शाखा, सगळे अडीच फुटी. ही कापसाची, लाकडाची, धान्याची वाहतूक होती. तिला लष्करी म्हणणे म्हणजे ओढाताण होईल. पण ज्या मापाची इंजिने आणि सुटे भाग विलायतेत नेहमी बनत होते, ते माप घेणे कंपन्यांच्या सोयीचे होते, आणि त्या मापाचे मोठे गिऱ्हाईक सरहद्दीवर बसले होते. पुलगावातच या सगळ्याची कसोटी लागते. आर्वीचे छोटे रूळ जिथून फुटत, त्याच गावालगत देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. पण गाव निवडीला आले ते वर्ध्याहून मुंबईकडे जाणाऱ्या ब्रॉडगेजमुळे. आर्वीच्या गाडीने कापूसच वाहिला.

देवळालीत मोठा लष्करी विस्तार झाला तो १९४१ मध्ये, तोफखान्याची शाळा वायव्य सरहद्दीकडच्या काकूलहून इथे आली तेव्हा. नाशिकची ट्राम त्याआधी काही वर्षे, तिसाच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली होती, आणि शाळेला तिची उणीव भासण्याचे कारण नव्हते. स्टेशनपासून सरावाच्या माळापर्यंत तोफा आता मोटारींच्या मागे जोडून जात होत्या.