चुलीवरची बिअर

जव भिजवून मोड आणावे, ते वाळवून भरडावे, ऊन पाण्यांत त्यांचा गोड अर्क उतरवावा, हॉपचीं फुलें घालून तो उकळावा आणि निवल्यावर किण्व मिसळून आंबूं द्यावा. घरगुती बिअरची एवढीच कृति. मध्ययुगीन इंग्लंडांत, हॉपचा प्रसार होण्यापूर्वीं, याच जातीचें ‘एल’ नांवाचें पेय गृहिणी भाकरीइतक्याच सहजतेनें करीत. मात्र तें कधीं साधे, कधीं नासे. कारण उमगत नसे.

१८७६ सालीं लुई पाश्चर यांनीं आपल्या बिअरविषयक ग्रंथांत दाखविलें कीं, किण्व सजीव असून नासाडी परक्या सूक्ष्म जंतूंमुळें होते. भांडीं निर्जंतुक ठेवावीं, हा नवशिक्याचा पहिला धडा याच ज्ञानावर उभा आहे.

पण गुपित उकललें आणि चारच वर्षांनीं, १८८० सालीं, ग्लॅडस्टन यांच्या कारकीर्दींतील कायद्यानें घरच्या बिअरलाहि परवान्याचें बंधन आलें. अर्थमंत्री रेजिनॉल्ड मॉडलिंग यांनीं १९६३ सालीं तें उठविलें. अमेरिकेंत १९७८ सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें घरगुती बिअर ठराविक मर्यादेंत करमुक्त झाली. चुलीवरची विद्या पुन्हां चुलीकडे परतली. येतांना मात्र ती स्वच्छतेचें शास्त्र घेऊन आली.